चेंडू लागला की नाही

ब्रिगेडियर सन्याल यांचं पत्र आलं तेव्हा माझी बायको पद्मजा गच्चीवर आंबापोळी वाळत घालत होती आणि मी कावळे हाकत होतो. एकतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हेइंग शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात हेच खातं मिळतं. पत्र अगदी त्रोटक होतं. ‘प्रिय चौबळ, नोव्हेंबरात मुलीकडे मुंबईला येतो आहे. तिथून रोहा फार लांब नाही असं नकाशा सांगतो. वीस तारखेला येईन. आपण ती फायनल पुन्हा खेळू. कप घासून ठेवा. जो जिंकेल तो घेऊन जाईल. तुमचा चेंडू खुंटीला लागला नव्हता, हे मलाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही.’

मी ते पत्र तीनदा वाचलं. तेवढ्यात कावळ्यानं एक अख्खी पोळी उचलून नेली आणि पद्मजानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

क्रोके हा खेळ ज्यांना ठाऊक नाही, म्हणजे मुंबई-गोवा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची यच्चयावत माणसं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपाट हिरवळीवर सहा लोखंडी कमानी ठोकलेल्या असतात. लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं आपला चेंडू त्या कमानींतून काढत न्यायचा आणि शेवटी मैदानाच्या मधोमध रोवलेल्या खुंटीला मारायचा. चेंडू खुंटीला लागला की खेळ संपला. घाम येत नाही, आरडाओरडा होत नाही, सगळं काम डोक्याचं आणि मनगटाचं. एकोणीसशे एकोणसत्तर साली कलकत्त्याला मी या खेळाचा अखिल भारतीय विजेता झालो. फायनलला समोर हेच सन्याल होते, तेव्हाचे मेजर. माझा शेवटचा चेंडू खुंटीपाशी जाऊन थांबला. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, पंचांनी हात वर केला. विषय तिथेच संपायला हवा होता. तो एकोणीस वर्षं संपला नाही.

तो चांदीचा कप रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरात शोकेसमध्ये असतो. येणारा-जाणारा विचारतो, ‘शाळेत मिळाला का?’ मी अखिल भारतीय विजेता आहे असं सांगितलं की लोक पद्मजाकडे पाहतात आणि ती म्हणते, ‘चहा घेणार ना?’ तेव्हा सन्यालांना हरवायचं, आणि तेही गावासमोर, या कल्पनेनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घराच्या मागे माझे दहा गुंठे होते. पूर्वी भाताचं खाचर होतं, आता नुसती झुडपं. क्रोकेला पस्तीस यार्ड लांब आणि अठ्ठावीस यार्ड रुंद जागा लागते, म्हणजे आठ गुंठे. दोन गुंठे प्रेक्षकांसाठी. मी दुसऱ्याच दिवशी माझी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, तिकाटण्यावर चढवून उभा राहिलो.

इथे पहिली चूक झाली. गावात तिकाटणं लावून दुर्बिणीतून पाहणारा माणूस दिसला की त्याचा एकच अर्थ लोकांना ठाऊक असतो, तो म्हणजे जमीन जाणार. दहा मिनिटांत कुंपणाला वीस माणसं टेकली. धाटावच्या कारखान्याचा पाइप इथून जाणार, असं एकानं खात्रीनं सांगितलं. दुसऱ्यानं रेल्वेचं नाव घेतलं. शेजारचे दिनानाथ धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. ते पहिली पाळी करून नुकतेच आले होते. ते म्हणाले, ‘सर, कंपनीतली आतली बातमी तुमाला आधी कळली, बरोबर? आमाला सांगायचं तरी.’ मी क्रोकेबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली करून विचारलं, ‘मंग पाइप कुठच्या बाजूनं?’

पुढे दिनानाथ रोज मदतीला येऊ लागले. स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली ती उंच फळी, धरून उभं राहायचं काम त्यांच्याकडे. मी आकडे वाचायचो, वहीत लिहायचो. चार दिवसांत मी कागदावर मैदान असं सपाट करून दाखवलं की माझे जुने विद्यार्थी रडले असते.

जमीन शेतीची असल्यामुळे खेळासाठी वापरायची तर बिनशेती परवानगी लागते, असं तलाठ्यांनी सुचवलं. मी सरळमार्गी माणूस. अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या पुंडलिक नावाच्या कारकुनानं अर्ज उलटसुलट पाहिला.

‘राहण्यासाठी, दुकानासाठी, कारखान्यासाठी, वीटभट्टीसाठी. यातलं काय लिहू?’

‘खेळासाठी.’

‘कुठली संस्था?’

‘संस्था नाही. मी.’

‘एकटे खेळणार?’

‘एक ब्रिगेडियर येणार आहेत कलकत्त्याहून.’

पुंडलिकनं पेन खाली ठेवलं. खुर्ची मागे सरकवली. ‘मिलिटरीचं हाय व्हय. मंग ह्ये आमच्याकडं नाय. वर जायला पायजे.’ मी अर्धा तास समजावलं की ब्रिगेडियर निवृत्त आहेत, एकटे येणार आहेत आणि बंदूक आणणार नाहीत. ते ऐकून त्याचा संशय पक्का झाला. अर्ज वर गेला. सप्टेंबरात मला अलिबागहून एक विचारणा आली, ‘सदर जागेवर किती जवान व किती कालावधीसाठी राहणार आहेत याचा तपशील सात दिवसांत कळवावा.’ मी ‘एक, जेवून जाणार’ असं कळवलं. त्यावर अजून उत्तर नाही.

मग गवत. क्रोकेला बारीक, दाट गवत लागतं आणि आपल्याकडे त्याला सर्वांत जवळची म्हणजे हरळी. मी गावात सांगितलं की मला हरळी हवी आहे, मुळासकट, जेवढी मिळेल तेवढी. हरळी उपटण्यात ज्यांच्या तीन पिढ्या कंबरेतून वाकल्या त्या लोकांपुढे हे बोललो, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. पलीकडच्या वाडीतला गोविंदा, ज्याची भाताची खाचरं माझ्या कुंपणाला लागून आहेत, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पद्मजाला हळूच विचारलं, ‘वैनी, सरांची तब्येत बरी हाय ना?’

तरी माणूस चांगला. तीन गाड्या हरळी आणून टाकली. पण लावण्याआधी त्यानं जमिनीकडे नजर टाकली आणि म्हणाला, ‘सर, ह्यो कोपरा चढा हाय.’

मी हसलो. एकतीस वर्षं ज्यानं हजारो पोरांना जमिनीचा चढउतार मोजायला शिकवलं त्याला हा माणूस कोपरा चढा असल्याचं सांगत होता. मी वही दाखवली. तो वहीकडे बघेना.

‘आता पाऊस लागंल. बांध घाला, पाणी राहू द्या, चिखल करा, वरनं फळी फिरवा. पाण्यात कळंल कुठं काय हाय त्ये. मंग लावा तुमची हरळी.’

पद्मजा म्हणाली, ‘करून बघायला काय जातंय?’ आणि खरं सांगतो, मलाही ते शास्त्रशुद्ध वाटलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खाचर भरलं, गोविंदानं दोन दिवस बैल घालून चिखल केला, फळी फिरवली, आणि पाणी ठरल्यावर मी बांधावर उभा राहून पाहिलं. ईशान्येचा कोपरा पाण्याबाहेर चांगला चार बोटं डोकं काढून बसला होता. माझी वही सांगत होती की तो सपाट आहे.

रात्रभर आकडेमोड तपासून सकाळी मी दिनानाथांना विचारलं, ‘त्या कोपऱ्यात स्टाफ कसा धरला होतात?’ ते म्हणाले, ‘तिथं भुईवर, सर. बाकी सगळीकडं काटं व्हतं ना, मंग बुटावर ठेवला. कंपनीचे सेफ्टी बूट हायत, दबत नाय.’ मला एवढा आनंद झाला की मी गोविंदाच्या घरी जाऊन हे सांगून आलो. चूक माझी नव्हती, बुटाची होती. गोविंदा ‘व्हय व्हय’ म्हणाला आणि त्यानं कोपरा ओढून सपाट करून दिला. आता पाणी असं थांबलं होतं की आभाळ त्यात कुठेही न मोडता दिसत होतं. एवढी सपाट जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

पाणी उतरायला चार दिवस लागणार होते. तेवढ्यात पेणला जाऊन चेंडू आणि हातोडे नवे करून घ्यावेत म्हणून मी निघालो. माझे जुने चेंडू तडकले होते. पेणला माझी थोरली बहीण आनंदीबाई, म्हणजे आमची आक्का, असते. तिच्या ओळखीच्या सुतारानं लाकूड कातून चार चेंडू आणि दोन हातोडे दिले आणि चेंडू रंगवायला तिनं मला महिपती नावाच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात पाठवलं. जुलै महिना, गणपतींच्या रंगकामाची घाई. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दोनशे गणपती सोंडेपर्यंत रंगून बसलेले आणि त्यांच्यामध्ये मी चार चेंडू घेऊन उभा.

‘निळा, लाल, काळा, पिवळा. बाकी काही नको,’ मी बजावलं.

महिपतीच्या हाताला पिवळा रंग लागलेला, कुंचला कानावर. ‘ठेवा. परवा या.’

पावसात रंग वाळेना. परवाचे पाच दिवस झाले. आक्का दर जेवणाला विचारायची, ‘महादेव, या वयात गोट्या खेळायला ब्रिगेडियर कशाला बोलावलास?’ पाचव्या दिवशी महिपतीनं चेंडू हातात दिले. रंग अप्रतिम होता. पण प्रत्येक चेंडूभोवती सोनेरी वेलबुट्टी होती आणि पिवळ्यावर तर एक बारीक मोत्यांची माळ. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘नुसतं गुळगुळीत बरं दिसंना. पैसे वेगळे नाय घेत.’ असे सुंदर चेंडू क्रोकेच्या इतिहासात कुणी मारले नसतील. मी ते आक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं रोह्याला आलो. धडधडत्या मनानं मागच्या दारानं मैदान बघायला गेलो.

मैदानावर भात होतं.

ओळीनं, वीतभर अंतरानं, आठ गुंठ्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाताची हिरवीगार रोपं उभी होती. गोविंदाची बायको रंभा आणि वाडीतल्या आणखी चारजणी बांधावर बसून पद्मजानं दिलेली भाकरी खात होत्या. पद्मजा त्यांच्यात बसली होती. तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि चेहऱ्यावर मी लग्नात पाहिला होता तसा आनंद.

‘हे काय केलंत?’

रंभा उठलीसुद्धा नाही. ‘सर, येवढा चिखल केलाव, फळी फिरवलाव, नि आवण नाय लावलं तं लोक काय बोलतील? आमच्या आवणाची रोपं उरली व्हती. तुमी गावाला, वैनी एकल्या. म्हटलं, गो शकू, गो मालू, चला, सरांचं लावून टाकू.’

‘अगं पण मला तिथे खेळायचं होतं.’

‘चिखलात?’ रंभानं विचारलं.

भरलेलं, सपाट केलेलं, चिखल केलेलं खाचर त्या दिवसांत रिकामं सोडणारा माणूस या मुलखात जन्माला आलेला नाही. मी ते तसं सोडून पेणला निघून गेलो, तेव्हा त्यांना वाटलं सरांना कुणी सांगणारं नाही, आणि त्यांनी मजुरी न घेता एक दिवस माझ्यासाठी पाण्यात घालवला. रंभा म्हणाली, ‘उपटायचं तं उपटा. पन आमच्या हातानं नाय व्हायचं.’ माझ्याही हातानं झालं नाही. मी वाकून एक रोप धरलं, पद्मजानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते तिरकं होतं म्हणून सरळ केल्यासारखं दाखवून सोडून दिलं.

सांगायला लाज वाटते, पण ऑगस्टपासून मला त्या भाताचा नाद लागला. मी सकाळी उठून रोपांची उंची मोजू लागलो. आलेख काढले. लोंबी फुटली त्या दिवशी मी दिनानाथांना रात्रपाळीहून आल्या आल्या झोपू न देता बांधावर नेलं. मात्र मधूनच वीस नोव्हेंबर आठवायचा आणि मी आलेख सोडून कॅलेंडरवरचे दिवस मोजू लागायचो. भात निघेल ऑक्टोबरअखेर. खाली राहणार नुसती खुंटं. आणलेली हरळी केव्हाच वाळून गेली होती, तीन आठवड्यांत नवी कुठून रुजणार?

शेवटी कापणीच्या दिवशी मी गोविंदाला सगळं सांगितलं. कप, कलकत्ता, सन्याल, सगळं. चेंडू हातात दिला. त्यानं वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला.

‘ह्यो कशावर पळतो?’

‘सपाट, घट्ट जमिनीवर. मऊ नको, खळगा नको.’

‘मंग सर, तुमाला खळं पायजे. गवात कशाला?’

मी अक्षरशः उडालो. मळणीचं खळं. खुंटं काढायची, जमीन ओली करायची, लाकडी चोपण्यांनी ठोकून ठोकून बसवायची आणि शेणानं सारवायची. एकतीस वर्षं मी इंजिनिअरांना जमीन कशी दाबून घट्ट करायची ते शिकवत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. गोविंदा म्हणाला, ‘यंदा वाडीतली पाच घरं एकच खळं करू, तुमच्याकडं. जागा सपाट हाय, पाण्यानं बघितलेली. आधी तुमचा खेळ, मंग आमची मळणी.’

पुढचे पंधरा दिवस मी जे जगलो ते विसरणं शक्य नाही. तीस माणसं ओळीनं चोपणी मारत पुढे सरकत होती. मी त्यांच्या मागे लेव्हल घेऊन. यावेळी स्टाफ बुटावर ठेवायचा नाही असं दिनानाथांनी स्वतःला बजावून घेतलं होतं. शेण सहा बैलगाड्या लागलं. बायकांनी दोन दिवस सारवलं. वाळल्यावर मी पहिला चेंडू मारला. तो कुठेही न वळता, न उडता, सरळ रेषेत सोनेरी वेलबुट्टी फिरवत पस्तीस यार्ड गेला. मी खाली बसून त्या जमिनीवर हात फिरवला. कलकत्त्याची हिरवळ याच्यापुढे काहीच नव्हती.

वीस तारखेला सकाळी ब्रिगेडियर आले. साठी ओलांडलेले, ताठ, पांढरी पँट, निळा ब्लेझर, पांढरे बूट. कुंपणाभोवती सगळी वाडी, धाटावची सुट्टी असलेली पहिली पाळी, तलाठी आणि मिलिटरी बघायला मुद्दाम आलेला पुंडलिक. ब्रिगेडियर ऐटीत पुढे झाले तसा रंभानं हात आडवा धरला.

‘बूट भाईर काढा, बाबा. खळ्यावर चप्पल-बूट नाय चालत.’

मी भाषांतर केलं. त्यांनी रंभाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि सेनेतला माणूस जसा दुसऱ्या पलटणीचा नियम पाळतो तसे मुकाट्यानं बूट-मोजे काढले. मीही काढले. ब्लेझर घातलेले आम्ही दोन अनवाणी म्हातारे मैदानात उतरलो आणि मग मी मधली खुंटी पाहिली.

खळ्याच्या मधोमध मेढ रोवतात, बैल फिरवायला. तिची पूजा केल्याशिवाय मळणीला हात लावत नाहीत. मी आदल्या दिवशी क्रोकेची खुंटी मधोमध रोवली, ती त्यांच्या हिशेबानं मेढ झाली. सकाळीच रंभा आणि बायका येऊन पूजा करून गेल्या होत्या. खुंटीला वरपासून खालपर्यंत ओली हळद फासलेली, वर कुंकू, भाताच्या लोंब्यांचा तुरा, पायाशी नारळ.

‘गोविंदा,’ मी घाबरून म्हणालो, ‘शेवटी चेंडू हिलाच मारायचा असतो.’

गोविंदाचा चेहरा पडला. रंभा पुढे आली. ‘मेढीला चेंडू मारायचा? पूजा केलेल्या?’ तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मेढ काढून दुसरी लावा म्हणावं तर पूजा झालेली मेढ मळणी होईपर्यंत हलत नाही.

ब्रिगेडियरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मिशीला पीळ दिला. ‘चौबळ, स्थानिक नियम. सहा कमानी आपण खेळू, ज्याचा चेंडू आधी निघेल त्याची कमान. बरोबरी झाली तर ज्याचा चेंडू मेढीच्या जास्त जवळ थांबेल तो जिंकला. पण जो तिला शिवेल तो हरला.’ मी ते मराठीत सांगितलं आणि रंभाला पसंत पडलं. ‘लांबनं नमस्कार केल्यासारखं. चालंल.’

खेळ सुरू झाला आणि मी पुन्हा एकोणीस वर्षांनी लहान झालो. पहिली कमान मी घेतली, दुसरी ब्रिगेडियरांनी. गावाला दहा मिनिटांत सगळं कळलं. चेंडू कमानीत अडकला की हळहळ, निघाला की टाळ्या. दिनानाथ कुंपणावर उभे राहून धावतं वर्णन करत होते. ‘सर वाकले. सर बघताहेत. सर अजून बघताहेत.’ मी ब्रिगेडियरांचा चेंडू माझ्या चेंडूनं उडवून थेट बांधाला लावला तेव्हा पुंडलिकनं शिट्टी मारली. पद्मजा चहा घेऊन आली ती कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत मी खेळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तीन कमानी त्यांच्या, तीन माझ्या. बरोबरी.

ब्रिगेडियरांनी निळा चेंडू घेतला. दहा यार्डांवरून त्यांनी तो असा सोडला की तो मेढीपासून वीतभर अंतरावर थांबला. लोकांनी दाद दिली. मी पिवळा चेंडू ठेवला. शेणानं सारवलेल्या जमिनीचं घर्षण मी पंधरा दिवस मोजत होतो. मी मारला. चेंडू निघाला, वीतभरावरचा निळा मागे टाकून पुढे गेला, हळू झाला, आणखी हळू झाला, आणि मेढीला जाऊन टेकला. टेकला की अगदी लगत थांबला?

सगळे धावले. ब्रिगेडियर पोटावर आडवे झाले. ‘शिवला आहे,’ ते म्हणाले.

गोविंदा वाकला. ‘मला वाटतं नाय. केसभर जागा हाय.’

‘हळद लागली का बघा चेंडूला,’ पुंडलिक ओरडला. पण चेंडू पिवळा होता, वर सोनेरी बुट्टी, मोत्यांची माळ. त्यावर हळद शोधायची कुणी? वाडी म्हणत होती लागला नाही. ब्रिगेडियर म्हणत होते लागला. कलकत्त्याला सगळं नेमकं उलटं होतं.

शेवटी रंभानं सगळ्यांना मागे सारलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. ‘सर, चेंडू तुमचा. तुमीच सांगा. लागला का नाय?’

ती मेढीशी खोटं बोलायचं नाही असं काही म्हणाली नाही. ती नुसतं विचारत होती, जसं कलकत्त्याला पंचांनी विचारलं होतं, कारण त्यांना दिसलं नव्हतं आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. समोर पद्मजा होती, हातात गार झालेला चहा. मला माझ्या गावासमोर जिंकायचं होतं हो. फार जिंकायचं होतं.

‘लागला,’ मी म्हणालो. ‘मेढ हलली, मी पाहिलं. आणि ब्रिगेडियर, कलकत्त्याला लागला नव्हता. निदान मला तसा दिसला नव्हता. तरी मी मान डोलावली.’

वाडीला कलकत्त्याचं काही कळलंच नाही, ते मी इंग्रजीत म्हणालो होतो. रंभानं मात्र मान हलवली, मेढीच्या पाया पडली आणि गोविंदाला म्हणाली, ‘झालं. आता भारे आणा, उन्ह चढतंय.’ पद्मजानं गार चहाचा कप माझ्या हातात दिला आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

दुपारी ब्रिगेडियर आमच्याकडे जेवले. वाफाळता भात, वालाचं बिरडं, तीनदा वाढून घेतलं. कप मी स्वतः घासून वर्तमानपत्रात बांधून दिला. संध्याकाळी मी त्यांना रोह्याच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. ते खिडकीशी बसले, मांडीवर कप. माझं मन इतकं हलकं झालं होतं की मी कंडक्टरलाही नमस्कार केला.

गाडी सुरू झाली. ब्रिगेडियरांनी खिडकीची काच वर सरकवली आणि डोकं बाहेर काढलं.

‘चौबळ, मी कलकत्त्याला खुंटीपासून दोन हातांवर उभा होतो. तुम्ही लांब होतात.’

‘मग?’

‘मी टक् असा आवाज स्वच्छ ऐकला होता. चेंडू लागला होता.’ त्यांनी मांडीवरचं पुडकं उचललं. ‘हरलो ते सहन झालं नाही. मीच सगळ्यांना सांगत सुटलो, लागला नाही म्हणून. कप तुमचा आहे, घ्या.’ आणि त्यांनी ते पुडकं खिडकीतून पुढे केलं.

‘अहो, मी पाहिलं ना, नव्हता लागला,’ मी गाडीबरोबर चालू लागलो. ‘कप तुमच्याकडेच राहू द्या.’

‘लागला होता.’

‘साफ चूक. नव्हता लागला.’

गाडीनं वेग घेतला. मी धावू लागलो. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अंगात ब्लेझर, पायात घाईघाईनं अडकवलेल्या पद्मजाच्या चपला, रोह्याच्या भर स्टँडवर मी एसटीच्या मागे धावत ओरडत होतो, ‘नव्हता लागला, ब्रिगेडियर, नव्हता लागला,’ आणि ते अर्धे बाहेर येऊन कप हलवत ओरडत होते, ‘लागला होता, लागला होता.’ वळणावर गाडी दिसेनाशी झाली तेव्हाही दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम होतो.